दवण्याचं फळ

फळाचा वास कुपीत धरणं ही अत्तराच्या धंद्यातली फार जुनी अडचण आहे. गुलाब देगेत घातला की तेल देतो, वाळा देतो, चंदनाचा भुसाही देतो. पिकलेल्या आंब्यातून, पेरूतून, फणसातून मात्र काही हाती लागत नाही. गर म्हणजे बहुतेक पाणी आणि साखर. वासाची द्रव्यं त्यात नखभर, आणि तीही इतकी नाजूक की खाली जाळ लागला की आंबा जातो आणि मुरंबा उरतो. संत्र्या-लिंबाचं निराळं, त्यांचं तेल सालीत असतं. बाकी बाटलीवर पीच, चेरी, आलुबुखार असं काही लिहिलेलं असलं तरी तो वास बहुधा दुसऱ्याच द्रव्यांतून जुळवलेला असतो. पॅरिसच्या गेर्लाँ घराण्याने १९१९ साली ‘मित्सुको’ हे अत्तर काढलं. त्यातलं पीच आजही वाखाणलं जातं. ते प्रयोगशाळेत तयार केलेल्या एका लॅक्टोनचं आहे. १९९२ साली शिसेइडोने ‘फेमिनिते द्यु ब्वा’ आणलं. सीडरचं लाकूड, आलुबुखार, दालचिनी आणि लवंग असं ते हिवाळी अत्तर, आणि उबदार मसालेदार फळ कसं असावं याचा तो वस्तुपाठच आहे. तेही फळ रचलेलं. त्या रचनांबद्दल मला मनापासून आदर आहे. माणसाने केवळ नाकाच्या भरवशावर एखादं फळ उभं करावं ही लहान गोष्ट नव्हे.

पण एक वनस्पती अशी आहे की तिचं तेल मुळातच फळाच्या वासाचं निघतं आणि तिच्या फळाशी त्या वासाचा काही संबंध नसतो. ती आपल्या घरातली आहे. चैत्रात तिची जुडी आपण देवाला वाहतो, मोगऱ्याच्या गजऱ्यात तिची डहाळी ओवतो. दवणा. त्याच्या पानाचा वास मराठी माणसाला लहानपणापासून ठाऊक असतो; त्याच्या तेलाचा मात्र बहुतेकांना पत्ता नसतो. मलाही तो बंगळूरला येईपर्यंत नव्हता, आणि तो लागला चिकपेटेत.

चिकपेट म्हटलं की लोकांना रेशमी साड्या आठवतात, आणि ते बरोबरच आहे. केंपेगौडाने १५३७ साली वसवलेल्या पेठेतला हा जुना रस्ता. दोड्डपेट, म्हणजे आजचा अव्हेन्यू रोड, याला काटकोनात छेदून जातो. १६३८ साली बंगळूर विजापूरकरांकडे गेलं आणि पुढे शहाजीराजांची जहागीर झालं, तेव्हापासून मराठी या गल्ल्यांत बोलली जाते. भावसार आणि नामदेव शिंपी समाजाची जुनी घरं या पेठांत आहेत, आणि त्यांची मराठी कानडीच्या शेजाराने इतकी मऊ झाली आहे की ऐकत राहावी. साड्यांच्या दुकानांमागच्या बोळांत उदबत्तीचा आणि अत्तराचा व्यापार चालतो. काचेच्या कपाटात बुचाच्या जाड कुप्या, तोळ्याचा हिशेब, आणि गिऱ्हाईक बसायच्या आत त्याच्या हाताकडे पाहणारा दुकानदार. अशाच एका लहान दुकानातली पाव तोळ्याची कुपी इथे वाचायला घेतली आहे. तिच्यात दवण्याचं तेल आहे, ते चंदनाच्या तेलात बसवलेलं आहे, आणि वर थंडीसाठी म्हणून जायपत्री आणि लवंग यांचा हात फिरवलेला आहे. रंग तपकिरीकडे झुकलेला केशरी. कुपी कलंडली की आतला थेंब काचेला धरून सावकाश उतरतो.

दुकानदाराने काचेची काडी मनगटाला टेकवली आणि मी हात नाकाशी नेताच म्हणाला, ‘‘अब्बी नक्को सूँगो.’’ त्याचं सांगणं किती खरं होतं ते पुढे कळलं, कारण या अत्तराचा पहिला मिनिट गोड नाही. तो हिरवा आहे, कडसर आहे, थोडा कापराच्या अंगाने जाणारा. दवण्याचं शास्त्रीय नाव आर्टेमिसिया पॅलेन्स. ज्या वर्मवुडपासून अ‍ॅब्सिंथ नावाची कडू दारू बनते तीही याच कुळातली. कुळाचा कडूपणा दवण्यात आहे आणि तेल तो लपवत नाही. गोड अत्तराच्या आशेने आलेलं गिऱ्हाईक इथेच हात पुसतं आणि मोगरा मागतं. हा मिनिट सोसायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

तीन-चार मिनिटांत कडूपणा ओसरत नाही, तो मागे सरतो, आणि त्याच्या जागी फळ येतं. कोणतं फळ हे सांगायला गेलं की आधी जर्दाळू आठवतो. हिमाचलातून येतो तो ताजा, लालसर नव्हे. रात्री पाण्यात घातलेला सुका, आक्रसलेला जर्दाळू, सकाळी पाणी दाट झाल्यावरचा. मग त्यात मनुका येतात, आणि त्या रममध्ये मुरलेल्या असतात. नाताळच्या केकसाठी महिना-महिना भिजवून ठेवलेल्या सुक्या मेव्याचं झाकण उघडल्यावर जो दर्प येतो तो इथे आहे, फक्त साखर वजा करून. अगदी खाली कोरड्या चहापत्तीचा वास आहे. नाक जरा दूर नेलं तर अननसाच्या पिकल्या सालीची एक तिरीप जाते, जवळ आणलं की ती नसते.

यातली कोणतीही गोष्ट ताजी नाही, आणि माझ्या मते या अत्तराचं थंडीशी नातं जुळतं ते इथे. उन्हाळ्याचं फळ रसाचं असतं; ते तोडल्यापासून उतरायला लागतं. थंडीचं फळ वाळलेलं असतं. खारीक, मनुका, अंजीर, जर्दाळू, डिंकाच्या लाडवात पडणारं सगळं. पाणी गेलेलं, गोडी आटून घट्ट झालेली, आणि थोडं आंबलेलं. दवण्याच्या तेलातलं फळ या दुसऱ्या जातीचं आहे. म्हणून त्याच्याशेजारी मसाला उपरा वाटत नाही. आंब्याच्या वासावर लवंग मारली तर दोघंही बिघडतील. सुक्या जर्दाळवाला मात्र लवंगेची सोबत चालते, हे लाडू वळणाऱ्या बाईला विचारलं तरी ती सांगेल.

मसाल्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण या कुपीत तो ज्याने घातला त्याचा हात नेमका होता. अर्ध्या तासाने जायपत्री येते. जायपत्री म्हणजे जायफळाच्या बीवरची लाल जाळी, वाळल्यावर पिवळसर पडणारी. जायफळाइतकाच तिचा वास, पण वजन कमी; जायफळ खाली बसतं, जायपत्री वर राहते. या अत्तरात तिच्याजागी जायफळ असतं तर फळ दडपून गेलं असतं. लवंग तिच्याही मागून, इतकी हलकी की आहे म्हणून कोणी सांगेपर्यंत ध्यानात येऊ नये. लवंगेच्या तेलात युजेनॉल प्रमुख असतं आणि ते जरा जास्त पडलं की माणसाला दातदुखी आठवते. इथे ते फक्त उष्णता देतं. नाकाला ऊब वाटते आणि कुठून येते ते कळत नाही, एवढंच त्याचं काम.

आता हे फळ येतं कुठून? दवण्याच्या तेलातलं मुख्य द्रव्य दावानोन. त्याची रचना डच रसायनशास्त्रज्ञांनी १९६८ साली उलगडली. पंधरा कार्बनांचा रेणू, म्हणजे वासाच्या दुनियेत जडच. तेलातली हलकी द्रव्यं आधी उडतात आणि पहिला हिरवा, तिखट मिनिट त्यांचाच असतो. ती गेली की जड रेणूंना वाट मिळते आणि फळ पुढे येतं. दावानोनसोबत त्याची भावंडं शोभतील अशी आणखी काही द्रव्यं आहेत, आणि सिनॅमिक आम्लाची गोडसर एस्टरही असतात. अननसाची ती तिरीप बहुधा या एस्टरांची. हे सगळं एका रोपात, फूट-दीड फूट उंचीच्या, करड्या पानांच्या.

रोपाकडेही जवळून पाहायला हवं. चिकपेटेतून कृष्णराजेंद्र मार्केटचा फुलबाजार चालत गाठता येतो. तिथे मल्लिगे म्हणजे आपला मोगरा, कनकांबर म्हणजे आपली अबोली, मरुगा म्हणजे आपला मरवा, आणि त्यांच्याशेजारी दवण्याचे भारे. पान बारीक चिरलेलं, पिसासारखं, त्यावर पांढुरकी लव. हिरव्यावर राख भुरभुरावी तसा रंग. शेंड्याला मुगाच्या दाण्याएवढे पिवळे बोंडुके. पान चुरडलं तर आपल्या ओळखीचा दवणा, गजऱ्यातला, देवघरातला. पिवळा बोंडुका नखाने फोडला तर तोच वास, पण कडेला एक गोडी, पिकल्या फळाची. तेल सर्वात जास्त या फुलांतच असतं; म्हणून गाळायचा दवणा फुलावर आला की कापतात, देवाचा त्याआधीही चालतो. आपल्याला फळाचा पत्ता लागला नाही तो यामुळेच. आपण पान हुंगतो आणि जुडी वाहून मोकळे होतो.

हे पीक थंडीचं आहे. बी इतकं बारीक की पेरताना वाळूत मिसळावं लागतं. साधारण नोव्हेंबरात पेरायचं, चार महिन्यांत, फेब्रुवारी-मार्चात काढायचं. मधल्या काळात कोवळं ऊन आणि पहाटेचं दंव हवं; फुलावर आल्यावर पाऊस पडला तर तेल घटतं. कर्नाटक, आंध्र आणि तामिळनाडू यांच्या सीमा जिथे जवळ येतात त्या पठारावर, बंगळूरच्या आसपास, हे हवामान जुळून येतं, आणि जगाला लागणारं दवण्याचं तेल जवळजवळ सगळं दक्षिण भारतातून जातं. सीमॅप या केंद्रीय संस्थेच्या बंगळूर केंद्रानेही या पिकावर काम केलं आहे. कापलेला दवणा थोडा सुकू देऊन वाफेवर गाळतात. शंभर किलो हिरव्या पाल्यातून तेल मिळतं शे-दोनशे ग्रॅम. बाहेर देशी ते अत्तरांत जातं, तसंच केक, मद्य आणि तंबाखू यांना स्वाद द्यायलाही जातं. ज्याला रममधल्या मनुका नाकाने सापडल्या त्याला याचं नवल वाटणार नाही.

पीक निघतं ते चैत्राच्या तोंडावर, आणि चैत्रात त्याला मान मिळतो. शुद्ध पक्षात निरनिराळ्या देवांना निरनिराळ्या तिथीला दवणा वाहायची जुनी रीत आहे. चतुर्दशी शंकराची, तिला दमनक चतुर्दशीच म्हणतात. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. त्या दिवशी कोल्हापूरजवळ वाडी रत्नागिरीला जोतिबाची यात्रा असते. सासनकाठ्या नाचतात, गुलाल आणि खोबरं उधळलं जातं, आणि दवणा वाहिला जातो. गुलालाने डोंगर गुलाबी होतो हे सगळे सांगतात. त्या गर्दीत दवण्याचा वास किती दाट असतो ते जाऊन आलेल्यालाच कळतं. त्याच चैत्र पौर्णिमेच्या रात्री बंगळूरच्या पेठांतून करगा निघतो. धर्मरायस्वामींच्या देवळातून, तिगळ समाजाचा, डोक्यावर मोगऱ्याने मढवलेला उंच करगा घेऊन. कॉटनपेटेतल्या तवक्कल मस्तान दर्ग्यावर तो थांबतो आणि पुढे जातो. तिगळ पिढ्यान्‌पिढ्यांचे माळी. कोल्हापूरच्या डोंगरावर दवणा आणि बंगळूरच्या पेठेत मल्लिगे, पौर्णिमा एकच. फुलबाजारात ही दोन्ही एकाच दोऱ्यात ओवलेली मिळतात, आणि मला तो गजरा दोन्ही गावांचा वाटतो.

आता परत मनगटाकडे. जायपत्री-लवंगेनंतरचे पुढचे पाच-सहा तास चंदनाचे. आतापर्यंत चंदन दिसलेलं नसतं. ते होतं, पण फळाला धरून खाली बसलेलं. म्हैसूर संस्थानचं चंदन पूर्वी ओंडक्यांनीच बाहेर जायचं, मुख्यतः जर्मनीत, आणि तेल तिकडे निघायचं. पहिल्या महायुद्धाने तो रस्ता बंद झाला, आणि १९१६ साली विश्वेश्वरय्या दिवाण असताना इथेच बंगळूरमध्ये, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या सडबरो आणि वॉटसन या रसायनशास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली, चंदनतेल काढलं गेलं. मोठा कारखाना मग म्हैसूरला उभा राहिला. म्हैसूर सँडल साबणाची गोष्ट तिथून सुरू होते. अत्तरवाल्यांना या तेलाचा उपयोग साबणापेक्षा निराळा. ते स्वतः हळू उडतं आणि दुसऱ्यालाही हळू उडू देतं. दवणा एकटा लावला तर संध्याकाळपर्यंत त्यात आंबट कडा उरते. चंदनात बसवला की ती कडा दुधाळ होते. रात्री मनगटाशी जे शिल्लक असतं त्यात फळ आणि लाकूड वेगळं काढता येत नाही. जर्दाळूच्या आठोळीतला बदामासारखा गर चावल्यावर जी तुरट गोडी जिभेवर राहते, तिच्या फार जवळचं काहीतरी असतं ते. चंदन महाग आहे, म्हणून पुष्कळ ठिकाणी दवणा स्वस्त, वास नसलेल्या तेलात उतरवतात. त्यातही फळ येतं, पण ते टेकायला जागा न मिळालेलं असतं आणि दोन तासांत जातं.

बंगळूरची थंडी म्हणजे पहाटे पंधरा-सोळा अंश. नाशिककरांना त्याची किंमत वाटायची नाही. पण डिसेंबर-जानेवारीत गावाचा वास बदलतो हे खरं. बाजारात अवरेकाई, म्हणजे पावट्याच्या शेंगा येतात, घराघरांत त्यांची आमटी शिजते, आणि शेंग घेताना माणसं ती हातात चोळून हुंगतात. दंवाने तिला वास चढतो असं इथे पक्कं मानतात. दवण्याचं पीक त्याच दंवात शेजारच्या शेतांत उभं असतं. मागच्या वर्षीच्या दवण्याचं तेल तेव्हा कुपीत मुरलेलं असतं. नवं तेल थोडं धारदार असतं. वर्षभर ठेवलं की गोलावतं.

थंडीत ते चांगलं का, याला साधं कारण आहे. गार हवेत सगळंच सावकाश उडतं. पहिला कडू मिनिट थोडा लांबतो, पण फळ तासन्‌तास थांबतं, आणि शालीखाली अंगाची ऊब त्याला थोडी थोडी वर सोडत राहते. हेच अत्तर मी एप्रिलात लावून पाहिलं आहे. उकाड्यात सगळे रेणू एकदम उठतात. जर्दाळू, रम, लवंग एकाच वेळी अंगावर येतात आणि पिकून गळायला आलेल्या फणसाशेजारी उभं असल्यासारखं वाटतं. वाईट नाही, पण वाचता येत नाही. याचा अर्थ लागायला प्रत्येक गोष्टीला तिचा वेळ मिळायला हवा, आणि तो थंडी देते.

दवण्याची आणखी एक ख्याती आहे, आणि ती अत्तराच्या व्यापारात जगभर ऐकू येते. तो प्रत्येकाच्या कातडीवर निराळा लागतो. हे थोडंफार सगळ्याच अत्तरांचं असतं, पण दवण्यात फरक ठळक असतो. एकाच काडीने माझ्या आणि बायकोच्या मनगटाला लावलेला दवणा तासाभराने दोन अत्तरं झाला होता. तिच्या हातावर जर्दाळू आणि जायपत्री, गोलसर, खावंसं वाटेल असं. माझ्या हातावर फळ मागे आणि चहापत्ती, तंबाखूचं कोरडं पान पुढे. तिने माझं मनगट हुंगून विचारलं, ‘‘अहो, हे तेच का?’’ म्हणून दवणा कागदाच्या पट्टीवर हुंगून घेऊ नये. पट्टीवर तो कोणाचाच नसतो. हाताला लावावा, दुकानातून बाहेर पडावं, पेठेत एक फेरी मारून यावं आणि मग ठरवावं. दुकानदाराची अडवणूक वाटली तरी चालेल. चांगला दुकानदार स्वतःच तसं सांगतो.

आणि एक खूण. दवणा म्हणून सरबतासारखं, लावल्या क्षणापासून गोड असं काहीतरी हल्ली सर्रास मिळतं. त्यात पहिला मिनिट नसतो. ते हुंगायला सोपं आहे, विकायलाही सोपं असणार, पण त्यातलं फळ बाटलीवर लिहिलेल्या फळांपैकी एक आहे, दवण्याचं नव्हे. दवण्याचं फळ कडूपणाला बाजूला सारून येत नाही, त्याच्यातून येतं, आणि शेवटपर्यंत त्याचा एक धागा सोबत ठेवतं. ‘मित्सुको’सारख्या थोर रचनेतही पीचच्या गोडीला ओकमॉस या दगडफुलाच्या भाऊबंदाने कडू आधार दिलेला आहे. तो आधार त्या अत्तरकाराने विचार करून दिला. दवण्यात तो कुळातूनच आलेला आहे, आणि या दोन अत्तरांत मला दवण्याची रचना साधी वाटते, पण त्याचं फळ अधिक खरं वाटतं.

लावायची ती एकच काडी, मनगटाला किंवा शालीच्या आतल्या काठाला; शाल रेशमी असेल तर मनगटालाच, कारण तेलाचा डाग जात नाही. दुसरी काडी लावली की लवंग पुढे येते आणि फळ तिच्यामागे जातं.